बॅटरी उतरते तेव्हा

जुन्या काळी मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या उतारूंना एक अनुभव नेहमी येत असे. रात्रीच्या वेळी गाडी झाशी जंक्शनवर येऊन थांबली म्हणजे डब्यातील दिवे हळूहळू मंदावत आणि गाडीने पुन्हा वेग घेतला की उजळत. डब्याच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनामो गाडी चालू असताना दिव्यांना वीज पुरवी आणि त्याच वेळी डब्याखालच्या पेटीतील बॅटऱ्याही भरून काढी. गाडी थांबली की डायनामो थांबे आणि दिव्यांचा सगळा भार बॅटऱ्यांवर येई. दिवा मंद झाला तर उतारू बॅटरीला नावे ठेवीत; परंतु पट्टा सैल झाला असेल, किंवा एखादा जोड गंजला असेल, तर बिचाऱ्या बॅटरीने काय करावे? तिला जे मिळाले नाही ते ती देणार कोठून?

लहान इंजिनाच्या बाबतीत नेमकी हीच चूक आजही होते. इंजिन सुरू होईना की बुंदेलखंडातला मिस्त्री ‘बैटरी बैठ गई’ असा निकाल देऊन मोकळा होतो आणि मालक नव्या बॅटरीसाठी पैसे मोजतो. हा निकाल कधी बरोबर असतो, कधी चुकीचा. मोजमाप केल्यावाचून तो बरोबर आहे की चूक हे कळण्याचा मार्ग नाही, आणि हे मोजमाप वाटते तितके अवघड नाही. एक साधा मल्टिमीटर आणि काचेचा हायड्रोमीटर एवढी दोनच साधने त्याला पुरतात.

बॅटरीचा हा प्रश्न लहान इंजिनांपुढे तसा उशिराच आला. 1946 साली खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील विहिरींवर जी डिझेल इंजिने दिसू लागली ती हँडल मारून सुरू होत. त्यांना बॅटरी नव्हती, म्हणून ती बसण्याचा प्रश्नही नव्हता. पुढे बटण दाबून सुरू होणारी जनित्रे, तीनचाकी वाहने आणि स्कूटरी आल्या. दंडातली शक्ती वाचली, पण तिच्या जागी बॅटरी आणि ती भरून काढणारी यंत्रणा आली. या भरून काढण्याला शास्त्रीय भाषेत प्रभारण म्हणतात. व्यवहारात त्यालाच चार्जिंग असे नाव आहे.

एक उदाहरण घेऊ. झाशी हे विजेच्या मोठ्या उद्योगाचे गाव. 1974 साली उभारलेल्या भेलच्या कारखान्यात तेथे प्रचंड ट्रान्सफॉर्मर तयार होतात. जवळच परीछा येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तरीही लग्नाच्या मांडवात ऐन मुहूर्ताच्या वेळी वीज गेली तर तेथे उपयोगी पडते ते चाकांच्या गाड्यावर बसविलेले लहानसे जनित्रच. अशी जनित्रे भाड्याने देणारा एक व्यावसायिक आहे असे समजा. मे महिना आहे. गेल्या वर्षभरात त्याने आपल्या एका जनित्रासाठी दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या आणि तिसरीही आता बसली आहे. बॅटरी नवी असते तोवर इंजिन एका झटक्यात सुरू होते; चार-सहा रात्री बऱ्या जातात; मग एके रात्री बटण दाबल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मांडवात अंधार, वऱ्हाडी खोळंबलेले, आणि ठरलेल्या भाड्यातून पैसे कापले जाणार ते वेगळेच. चौथी बॅटरी घ्यावी की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्यापूर्वी यंत्रणा समजून घेतली पाहिजे. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे फॅराडे यांनी 1831 साली दाखवून दिले. लहान इंजिनात चुंबक गतिचक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये बसविलेले असतात आणि त्यांच्या आत स्थिर वेटोळी असतात. या वेटोळ्यांतून निघणारा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा असतो. बॅटरीला तो चालत नाही. तिला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा. म्हणून मध्ये रेक्टिफायर बसवितात. इंजिनाचा वेग वाढला की वीजही प्रमाणाबाहेर वाढते. तिला आवर घालण्यासाठी रेग्युलेटर असतो. आजकाल हे दोन्ही भाग ॲल्युमिनियमच्या एकाच पंखेदार डबीत असतात. अगदी लहान इंजिनांत रेग्युलेटर नसतोच. एक डायोड असतो आणि त्यातून दोन-तीन अँपिअरचा प्रवाह बॅटरीला मिळत राहतो. जुन्या मोटारसायकलींवर या सर्वांऐवजी डायनामो आणि कटआउट असे. मात्र तपासणीचा क्रम तेथेही हाच राहतो.

तेव्हा प्रश्न तीन आहेत. बॅटरी वीज साठवून ठेवू शकते काय? वेटोळे पुरेशी वीज निर्माण करते काय? आणि निर्माण झालेली वीज बॅटरीपर्यंत पोहोचते काय? बहुतेक लोक पहिल्या प्रश्नापाशी थांबतात, काही दुसऱ्यापर्यंत जातात. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते निम्मे घोटाळे तेथेच असतात.

प्रथम बॅटरी. गास्तों प्लांते यांनी 1859 साली शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांपासून जी बॅटरी बनविली तिच्यातील रसायन आजही मूलतः तेच आहे. बॅटरी वीज देत असताना अम्लातील सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसते आणि द्राव पातळ होत जातो. भरताना ते परत द्रावात येते. म्हणून द्रावाची विशिष्ट घनता मोजली की बॅटरी किती भरली आहे ते कळते. हायड्रोमीटरचे काम एवढेच. अम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्यावी. उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. भरत्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले तर एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून जवळ विडी पेटवू नये. काडी पेटवून द्रावाची पातळी पाहणारे लोक प्रत्यक्षात आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

येथे झाशीच्या हवेचा विचार करणे भाग आहे. मे-जून महिन्यांत तेथील पारा 45 अंश सेल्सिअसच्या वर जातो. चालत्या इंजिनाशेजारी ठेवलेल्या बॅटरीतील द्राव त्याहूनही तापतो. उष्णतेने द्राव प्रसरण पावतो आणि त्याची घनता आहे त्यापेक्षा कमी दिसते. आपल्याकडे घनतेचे आकडे 27 अंशांना धरून दिलेले असतात. म्हणून त्यावरील प्रत्येक अंशामागे 0.0007 मिळवावे लागतात. समजा, द्राव 47 अंशांवर आहे आणि हायड्रोमीटर 1.226 दाखवितो. वीस अंशांची दुरुस्ती 0.014 होते, म्हणजे खरी घनता 1.240. उष्ण प्रदेशासाठी तयार केलेल्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर जी घनता असावी ती साधारण एवढीच. दुरुस्ती न करणारा मनुष्य पूर्ण भरलेल्या बॅटरीला अर्धपोटी समजून आणखी भरीत बसेल, आणि पट्ट्यांचा नाश करील.

विद्युत् दाबाविषयीही अशीच एक गफलत होते. परदेशी पुस्तकांत पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब 12.7 व्होल्ट असे दिलेले असते. थंड देशांत घनता 1.280 ठेवतात म्हणून ते तेथे खरे आहे. एका कोष्ठाचा दाब म्हणजे घनतेच्या आकड्यात 0.84 मिळविल्यावर येणारी संख्या, हा ढोबळ नियम लक्षात ठेवावा. 1.240 घनतेला तो 2.08 येतो, आणि सहा कोष्ठांचा मिळून सुमारे 12.5 व्होल्ट. एवढा दाब दिसला तर आपली बॅटरी भरलेली आहे. मात्र इंजिन बंद केल्याबरोबर हे माप घेऊ नये. तेव्हा दाब खोटा वाढलेला असतो. काही तास थांबावे, अथवा एक-दोन मिनिटे दिवा लावून ठेवून मग मोजावे. बंदिस्त बॅटरीत हायड्रोमीटर घालता येत नाही. तेथे एवढ्यावरच भागवावे लागते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. सहाही कोष्ठांची घनता निरनिराळी घेऊन कागदावर लिहावी. एकच कोष्ठ इतरांपेक्षा 0.050 किंवा त्याहून अधिक खाली असेल, तर त्या कोष्ठात दोष आहे; बॅटरी बदलावी लागेल. परंतु सहाही कोष्ठे सारखीच खाली असतील, तर बॅटरी उपाशी आहे, रोगी नव्हे. आपल्या व्यावसायिकाच्या तिसऱ्या बॅटरीत दुरुस्ती करून आलेले आकडे 1.150 ते 1.155 या दरम्यान आहेत. सहाही भावंडे सारखीच भुकेली. येथेच चौथी बॅटरी घेण्याचा विचार सोडून द्यावयास हवा. मात्र माप घेण्याच्या थोडेच आधी पाणी घातलेले असेल तर हे आकडे फसवे असतात, कारण पाणी वरच तरंगत राहते. थोडे चार्जिंग होऊन ते मिसळेपर्यंत थांबावे. पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड असावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यातील क्षार पट्ट्यांना अपाय करतात.

बॅटरी उपाशी आहे हे ठरल्यावर पुष्कळांचा रोख स्टार्टरवर वळतो: ‘स्टार्टर फार वीज खातो.’ हिशेब करून पाहू. स्टार्टर 100 अँपिअर घेतो आणि पाच सेकंद चालतो असे धरले, तर खर्च होतो तो 500 अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे 0.14 अँपिअर-तास. दोन अँपिअरच्या चार्जिंगने तो पाच-सहा मिनिटांत भरून निघतो. जनित्र रात्री चार तास चालत असेल तर स्टार्टरला दोष देता येत नाही. याउलट इंजिन बंद असताना कोठेतरी चोरून वाहणारा अगदी क्षीण प्रवाह अधिक घातक असतो. 26 अँपिअर-तासांची बॅटरी 0.1 अँपिअरच्या गळतीने 260 तासांत, म्हणजे अकरा दिवसांच्या आतच रिकामी होते. ऋण टोकाची तार सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावला की ही गळती दिसते. आपल्या जनित्रात ती नाही. दिवसा उन्हात उभ्या राहिलेल्या बॅटरीची आपोआप होणारी झीज मात्र आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की ती साधारण दुप्पट होते, परंतु चार-सहा रात्रींत बॅटरी बसण्याचे ते कारण असू शकत नाही.

आता इंजिन सुरू करावे. बॅटरी बसली असेल तर दोरीने. 50 आवर्तनांची वीज देणारे लहान जनित्र बहुधा मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या ठरीव वेगाने चालते. स्कूटर असेल तर वेग मध्यम ठेवावा. मल्टिमीटर एकदिश व्होल्टवर ठेवून त्याच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवाव्यात, तारेच्या चिमट्यांवर नव्हे. रेग्युलेटर असलेल्या यंत्रणेत थोड्या वेळाने दाब 13.8 ते 14.4 व्होल्टच्या दरम्यान यावा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी उकळते, पाणी वारंवार घालावे लागते. झाशीसारख्या ठिकाणी आणखी एक बारकावा आहे. 27 अंशांना जो दाब योग्य, तो 47 अंशांना सुमारे अर्ध्या व्होल्टने अधिक ठरतो. म्हणून थंडीत निर्दोष वाटणारी यंत्रणा उन्हाळ्यात पाणी पिऊ लागते. बॅटरी इंजिनाच्या उष्ण हवेपासून हातभर दूर नेऊन सावलीत ठेवणे हा त्यावर बिनखर्चाचा उपाय आहे.

आपल्या जनित्राच्या बॅटरीवर दाब आला 12.9. म्हणजे वीज पोहोचते आहे, पण अर्धीमुर्धी. येथून पुढे मिस्त्री सामान्यतः रेग्युलेटर बदलतो. तसे करण्याआधी वेटोळे तपासावे. त्याची तार रेग्युलेटरपासून सोडवून मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर लावावा. ठरीव वेगाला बहुतेक लहान वेटोळी वीस-तीस व्होल्ट किंवा अधिक दाखवितात. नेमका आकडा इंजिनाबरोबरच्या पुस्तिकेत असतो आणि तोच खरा मानावा. इंजिन बंद करून वेटोळ्याचा रोध मोजला तर तो फार थोडा, साधारणतः एक ओहमच्या आतबाहेर येतो. वेटोळे आणि इंजिनाचे अंग यांच्यात संबंध दिसता कामा नये. मात्र काही इंजिनांत वेटोळ्याचे एक टोक मुद्दामच अंगाला जोडलेले असते, ते आधी पाहून घ्यावे. सुट्या डायोडची परीक्षा तर सोपी: एका दिशेने त्याने वीज जाऊ द्यावी, उलट दिशेने अडवावी. दोन्हीकडून जाऊ दिली किंवा दोन्हीकडून अडविली तर तो गेला.

आपले वेटोळे उत्तम आहे. मग तिसरा प्रश्न. तार जोडून इंजिन पुन्हा सुरू करावे आणि व्होल्टमीटर या वेळी रेग्युलेटरच्या डबीवरच लावावा, एक सुई त्याच्या धन तारेवर, दुसरी त्याच्या अंगावर. दाब येतो 14.2. रेग्युलेटर आपले काम चोख करीत आहे! बॅटरीवर 12.9 आणि येथे 14.2, मधले 1.3 व्होल्ट वाटेतच कोठेतरी हरवले आहेत. ते शोधण्यासाठी मल्टिमीटरची एक सुई रेग्युलेटरच्या धन तारेवर आणि दुसरी बॅटरीच्या धन खुंटावर टेकवावी: 0.1 व्होल्ट. एवढी घट क्षम्य आहे. मग एक सुई रेग्युलेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खुंटावर: 1.2 व्होल्ट. चोर सापडला.

त्या डबीतून बाहेर पडणाऱ्या विजेचा परतीचा रस्ता वेगळ्या तारेने दिलेला नव्हता. डबी ज्या पत्र्यावर स्क्रूने बसविली होती तो पत्रा हाच तो रस्ता. लग्नसराई सुरू होण्यापूर्वी मालकाने जनित्राला नवा रंग दिला, डबी काढून पुन्हा बसविली, आणि तिच्यात व पत्र्यात रंगाचा एक पातळ थर राहिला. स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम वाट उरली. 2.4 अँपिअरच्या प्रवाहाला अर्ध्या ओहमचा अडथळा झाला की बरोबर 1.2 व्होल्ट खर्ची पडतात.

‘पण अर्थ खराब असता तर स्टार्टर कसा फिरला असता?’ असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो, आणि त्यानेच अनेक जाणते मिस्त्री फसतात. प्रस्तुत लेखकही एकदा असाच फसला होता आणि त्याने एक चांगला रेग्युलेटर विनाकारण फेकून दिला होता. स्टार्टरची जाड तार बॅटरीपासून थेट इंजिनाच्या ओतीव अंगाला जाते. तिचा रस्ता वेगळा, रेग्युलेटरचा वेगळा. अर्धा ओहम जर स्टार्टरच्या रस्त्यात असता, तर 100 अँपिअरला पन्नास व्होल्ट लागले असते आणि इंजिन पहिल्याच दिवशी मुके झाले असते. एक अर्थ चांगला म्हणून दुसराही चांगला, असे धरून चालता येत नाही. प्रत्येक जोड त्यातून प्रवाह वाहत असतानाच मोजला पाहिजे; इंजिन बंद असताना ओहममध्ये घेतलेले माप अशा जोडांच्या बाबतीत फारसे विश्वसनीय नसते.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार प्रथम सोडविली, डबीखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, आणि शिवाय डबीच्या स्क्रूपासून इंजिनाच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र तार टाकली, म्हणजे पुढच्या वर्षीच्या रंगाची भीती नको. खुंटांवरची पांढरट-हिरवी बुरशी सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावले. त्या पाण्याचा थेंबही कोष्ठात जाऊ दिला नाही, कारण सोड्याने आतले अम्ल मारले जाते. तार पुन्हा जोडून इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर दाब आला 14.0. या सबंध तपासणीत एकदाही चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढली नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘तार काढून इंजिन चालते का पाहू’ ही जुन्या डायनामोच्या काळातली परीक्षा आजच्या रेग्युलेटरचा जीव घेते.

राहिल्या कोपऱ्यात टाकलेल्या दोन बॅटऱ्या. त्या 26 अँपिअर-तासांच्या असल्याने बाहेरच्या चार्जरवर दहाव्या हिश्श्याने, म्हणजे 2.6 अँपिअरने सावकाश लावल्या आणि दर तासाला घनता व दाब लिहून ठेवला. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की बॅटरी भरली असे धरतात. त्यांपैकी जी महिन्यापूर्वीच काढली होती ती दुसऱ्या दिवशी 1.235 वर आली. स्टार्टर फिरत असताना तिचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला नाही, म्हणून ती दुसऱ्या जनित्रावर चढली. पहिली मात्र वर्षभर रिकामीच पडून राहिली होती. तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण पांढरे थर बसले होते. चार्जर लावल्याबरोबर दाब झपाट्याने चढला, द्राव तापला, घनता मात्र जागची हलली नाही. ती मोडीत द्यावी लागली.